बिनगुळाचा पेला

बारा जानेवारी, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. पाण्याचे तापमान अठ्ठ्याहत्तर अंश. कडूपणा तीन, गोडवा दोन, वास शून्य. उलटून गेलेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेतले डिसेंबरचे पान पालथे घालून त्याच्या कोऱ्या बाजूवर मी जो तक्ता आखला होता, त्यातली ही पहिली ओळ. ते पान अजून माझ्याजवळ आहे. घड्यांवर विरले आहे आणि एका कोपऱ्यावर गुळाचा तांबूस डाग आहे. वासाच्या रकान्यासाठी शून्य ते दहा अशी मोजपट्टी मीच ठरवली होती. दहा म्हणजे तापापूर्वीचे माझे नाक. एक म्हणजे काहीतरी आहे, पण काय ते सांगता येत नाही. शून्याचा अर्थ वेगळा लिहिण्याची गरज नव्हती, आणि त्या दिवसांत तो मी घरात कुणाला सांगितलाही नव्हता.

भालकीतले आमचे घर अप्पांच्या गुळाच्या आडतीला लागूनच होते. मधल्या भिंतीत एक दार होते आणि ते दिवसभर उघडे असे. पलीकडे गोणपाटावर रचलेल्या ढेपा, हमालांचे आवाज, अप्पांचे फोनवरचे बोलणे (उदगीरच्या व्यापाऱ्याशी मराठीत, हुमनाबादच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये, आणि भाव तुटायला आला की दोघांशीही दखनीत). अलीकडे अव्वाचे स्वयंपाकघर. आमच्या घरी आईला अव्वा म्हणतात. ऊस गाळपाला लागला की गुळाचा वास त्या दारातून आत येई आणि उशांच्या अभ्र्यांत, माझ्या प्रयोगवह्यांत, पिठाच्या डब्यातसुद्धा शिरून बसे. बिदरला महाविद्यालयात होते तेव्हा मैत्रिणी मला जवळ ओढून हुंगायच्या आणि म्हणायच्या, तुला चाटलं तर चहात साखर नको. मला स्वतःला तो वास कधी जाणवला नाही. कानात आपल्याच रक्ताचा आवाज जाणवत नाही, तसे ते होते. डिसेंबरात आठवडाभर ताप आला. तो उतरला त्या सकाळी घर मला विचित्र रीतीने मोठे आणि रिकामे वाटले. मी अव्वाला विचारले, "अप्पांनी सगळा माल उचलला का?"

"कुठला उचलायलेत? भाव पडलाय. ढेपा छताला टेकल्यात," ती म्हणाली. "कामून गं?"

मी उठून मधल्या दारात गेले. ढेपा खरोखरच छतापर्यंत होत्या. मी खोल श्वास घेतला. हवा आत आली, थंड होती, आणि तिच्यात काहीही नव्हते.

ताप उतरल्यावर वास जाणे ही दुर्मिळ गोष्ट नाही, हे मला ठाऊक होते. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या मुलीने घाबरण्यापूर्वी वाचावे, म्हणून मी वाचले. नाकाच्या छताशी असलेल्या पेशी मरतात, पुन्हा उगवतात. काहींच्या काही आठवड्यांत, काहींच्या वर्षाने, काहींच्या कधीच नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितले, फक्त 'कधीच नाही' हे शब्द त्यांनी खिडकीकडे बघत उच्चारले. एरवी मी थांबले असते. पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला बेंगळुरूला जायचे होते. तिथल्या एका चव-प्रयोगशाळेत चहाच्या विभागात एक जागा होती, आणि दोनशे किलोमीटरच्या परिघात त्या जागेसाठी माझ्याइतकी हपापलेली दुसरी मुलगी नव्हती, याची मला खात्री होती. पहिली मुलाखत तापापूर्वीच झाली होती. विभागप्रमुख मॅडम मूळच्या बेळगावच्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी माझ्यासमोर एक पांढरा पेला ठेवला. त्यात फिकट पोपटी पाणी होते आणि तळाशी चपटी, चाकूने कापल्यासारखी सरळ पाने.

तो चहा चीनच्या पूर्वेकडच्या डोंगरांतला होता, जुन्या पद्धतीने हाताने केलेला. वसंतातला कोवळा खुडा सावलीत पसरून थोडा मलूल करतात आणि मग तापलेल्या लोखंडी कढईत उघड्या तळव्याने पाने दाबत, सरकवत, उलटत राहतात. या उष्णतेने पानातली विकरे, म्हणजे एन्झाइम, मरतात, म्हणून पान काळे पडत नाही, हिरवे राहते. तळव्याच्या दाबाने ते चपटे होते. आणि कढईच्या धगीने त्याला भाजका सुगंध येतो. हात जरा रेंगाळला तर करपते, घाई झाली तर कच्चे राहते. हे सगळे मॅडमनी मला नंतर सांगितले. आधी फक्त म्हणाल्या, "पुस्तकातले शब्द नकोत. तुमच्या घरातला वास सांगा."

मी घोट घेतला आणि माझ्या तोंडून निघाले, "हुरडा." शेतात गोवऱ्यांच्या आरात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे, पण फक्त हुरडा नव्हे, त्यामागून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा हिरवा, किंचित दुधट वास, आणि घोट गिळून झाल्यावर घशाकडून परत जिभेवर येणारा गोडवा, जो गुळासारखा समोरून येत नाही, पाठीमागून येतो. मॅडमनी मान खाली घालून काहीतरी टिपले. दुसऱ्या फेरीला बोलावताना त्यांनी त्याच चहाची चांदीच्या रंगाची एक पुडी सरावासाठी पाठवली. ती पुडी घरी पोचली तेव्हा मी अंथरुणात होते. ती उघडली तेव्हा नाक गेलेले होते. हुरडा हा शब्द माझ्याजवळ होता, तुरीच्या शेंगा हे शब्द होते, पण डोळे मिटून कितीही ताण दिला तरी त्या शब्दांच्या मागे काही उभे राहीना.

त्या महिन्याची भीती एकसलग नव्हती; ती घरभर बारीक तुकड्यांत विखुरलेली होती. अव्वा दुधाचे पातेले पुढे करून म्हणे, "बघ गं नीलू, नासलंय का?" आणि मी नाक लावल्यासारखे करून, तिची पाठ वळताच बोट बुडवून चाखत असे. अंगाला घामाचा वास येत असेल या शंकेने मी दोनदा अंघोळ करायची. येळवसेला, म्हणजे आमच्याकडे पौषाच्या तोंडावर अमावस्येला सगळे शेतात जेवायला जातात तेव्हा, माझ्या पानात भज्जी पडली. सगळ्या कडधान्यांची, सगळ्या पालेभाज्यांची ती दाट भाजी मी दर वर्षी दोनदा मागून घेते. जिभेला खारट कळले, आंबट कळले, तिखट कळले. आणि या तिन्हींच्या मध्ये जिथे भज्जी असायला हवी होती तिथे ओला भुसा होता. अप्पा म्हणाले, "का गं, आज दुसऱ्यांदा मागायली न्हाईस?" मी म्हणाले, पोट भरले. जीभ काम करते आणि नाक नाही, हा फरक मी तोवर फक्त परीक्षेत लिहिला होता. जीभ पाचच गोष्टी सांगते. बाकी जे काही आपण चव म्हणतो, ते सगळे नाक सांगते, आणि श्रेय जीभ घेते.

मी रोज सकाळी त्या चहाचा पेला करू लागले. पाणी उकळते घालायचे नाही. उकळत्या पाण्यात कडवट द्रव्ये आधी सुटतात आणि कोवळा भाग भाजून निघतो. म्हणून पाणी तापवायचे, तापमापी धरून ऐंशीच्या खाली येऊ द्यायचे, मग पानांवर ओतायचे. आमच्या कूपनलिकेच्या जड पाण्यात त्या चहावर साय धरल्यासारखा तवंग येई. रंग मातकट होई. तरीही मी पेल्यावर वाकून बसे. वाफ गालांना लागे. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. शून्याच्या खाली शून्य लिहिताना माझे अक्षर दिवसेंदिवस लहान होत गेलेले त्या पानावर आजही दिसते.

आमच्या घरात सकाळी अव्वाची लिंगपूजा झाली की ती आरतीचे तबक घेऊन स्वयंपाकघरात येते आणि शेगडीला ओवाळते. तिच्या सासूने चुलीला ओवाळले, तिने शेगडीला. त्या सकाळी मी पाणी शेगडीवर ठेवले, मागचे दार उघडे होते, वाऱ्याची झुळूक आली असावी. मी पातेल्यात तापमापी धरून आकडा वर चढण्याची वाट बघत होते. आकडा चढत नव्हता; उतरत होता. एकसष्ट, साठ. मला वाटले तापमापी बिघडली. मी ती बाहेर काढली, झटकली, पुन्हा बुडवली, आणखी वाकले. उपकरणाच्या दोषाचा विचार करत किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. तेवढ्यात पूजाघरातली घंटी थांबली आणि अव्वाची पावले जवळ येऊ लागली.

ती उंबऱ्यावर थबकली. तिच्या हातात तबक होते आणि तबकात कापूर पेटलेला होता. तिचा चेहरा मी एवढा पांढरा कधी पाहिला नाही. ती मागच्या मागे वळली, पळत अंगणात गेली, आणि मला पाण्यात काही पडल्याचा आवाज ऐकू आला. तिने आयुष्यात कधी आरती विझवली नव्हती. फुंकरही घातली नव्हती. तबकासकट ती हौदात बुडवून अव्वा तिथूनच किंचाळली, "नीलू, गॅस! बटण फिरव! भाईर ये आधी, भाईर ये!"

मी बटण फिरवले. खिडक्या उघडल्या. मग अंगणात येऊन हौदाच्या कठड्यावर बसले. अव्वाच्या केसांवर पाणी उडाले होते, कपाळावरची विभूती ओघळून भुवईत उतरली होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"दारापसून वास मारायलाय," ती हळू म्हणाली. "मला देवापुढं बसल्या बसल्या शंका आली. आन् तू तितं तोंड घालून उभी."

मी हातातली तापमापी कठड्यावर ठेवली.

"तुला वास येईना का गं?"

"न्हाई."

"कवापसून?"

"तापापसून."

तिने हौदात हात घालून तबक काढले. कापराचा काळा डाग त्याच्या मध्यभागी होता. ती तो अंगठ्याने घासत म्हणाली, "म्हणून तू दूध चाटतीस. मी म्हणले, पोर लहानपणावर चाललीय."

आजही शेगडीची बटणे मी निघताना एकदा आणि जिन्यावरून परत येऊन पुन्हा एकदा तपासते. सोबतचे हसतात. त्यांना वाटते, हा प्रयोगशाळेचा संस्कार आहे.

अप्पांना त्याच दुपारी कळले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारले, "म्हंजे बेंगळुरूचं?" मी म्हणाले, परत आले तर जाईन. "आन् न्हाई आलं तर?" त्यावर अव्वाने त्यांना कन्नडमध्ये असे काही सुनावले की ते उठून दुकानात गेले. पण दुसऱ्या दिवशी ते नौबादला माझ्या आत्याकडे जाऊन वीस लिटरचा कॅन भरून घेऊन आले. आत्याच्या विहिरीला तांबड्या दगडातले पाणी आहे. त्यात डाळ शिजते, साबणाला फेस येतो. कॅन ओट्यावर आदळून ते म्हणाले, "घ्या. चीनचा पाला, नौबादचं पाणी, आन् पिणारं गिऱ्हाईक भालकीचं. ह्याच्यात गूळ पडला असता तर निदान म्हशीनं तरी प्यालं असतं."

त्या पाण्यात तो चहा पहिल्यांदा स्वच्छ दिसला. तवंग नाही, तळापर्यंत पोपटी. मला त्याचा वास आला नाही. पण एवढे सुंदर द्रव्य समोर असताना ते आपल्याला बंद असावे, याने भीती आणखी टोकदार झाली.

खरी चाचणी आंधळी असली पाहिजे, हे मी अव्वाला समजावले. पेल्यात काय आहे हे ठाऊक असले की मन वास रचते. म्हणून बाजारातल्या साध्या हिरव्या चहाची एक पेटी आणली. नाक चिमटीत धरून दोन्ही चहा जिभेला अगदी सारखे लागेपर्यंत मी त्यांचे प्रमाण कमीजास्त केले. आता फरक उरला तो फक्त सुगंधाचा. तीन पेले अव्वाने भरायचे, दोहोंत बाजारचा चहा, एकात चीनचा. माझ्या डोळ्यांवर अप्पांचा गमछा. मी तिन्ही चाखून वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिनातून एकदा बरोबर येईल. त्याहून बरेच अधिक आले तर नाक जागे होत आहे. "चीनच्या चहात काही म्हंजे काहीच घालायचं न्हाई, अव्वा," मी बजावले. ती म्हणाली, "मला काय खुळी समजलीस?"

पहिल्या सकाळी मी बरोबर ओळखला. दुसऱ्या सकाळी बरोबर. तिसऱ्या दिवशी मी मधला पेला उचलून म्हणाले, "हा," आणि अव्वाने इतक्या जोरात टाळी वाजवली की दुकानातून अप्पा आले. आठवडाभर एकदाही चूक झाली नाही. वास मला नेमका येत होता असे मी म्हणू शकत नव्हते. पण एक पेला इतर दोघांपेक्षा वेगळा, काहीसा कडक आणि उघडा वाटे, आणि तोच चीनचा निघे. मी स्वतःला समजावले की जाणीव आधी अशीच धूसर परतत असणार. रकान्यात मी एक लिहिले, मग दोन, मग तीन. अक्षर पुन्हा मोठे झाले. मॅडमच्या कार्यालयातून फोन आला, येणार ना म्हणून. मी ठामपणे हो म्हणाले. अप्पांनी रेल्वेचे तिकीट काढले. अव्वाने शेंगदाण्याची पोळी करायला घेतली. त्या आठवड्यात मी रात्री झोपले.

मग मुंग्या आल्या. चाचणी आटोपून मी तिन्ही पेले मोरीजवळच्या कट्ट्यावर ठेवले होते आणि फोनवर बोलत राहिले. परत आले तर दोन पेल्यांच्या काठावर लाल मुंग्यांची रांग लागलेली. तिसऱ्या पेल्यावर एकही नाही. मी तिथेच उभी राहिले. पेल्यांच्या तळाशी मी स्वतः बारीक खुणा केल्या होत्या. उलटे करून पाहिले. मुंग्यांचे दोन बाजारच्या चहाचे होते. बिनमुंग्यांचा चीनचा. हिरव्या चहाला मुंग्या लागत नाहीत. कुठल्याच.

"अव्वा," मी म्हणाले. माझा आवाज मला दुरून आल्यासारखा वाटला. "बाजारच्या चहात काय घालतीस?"

ती पोळी लाटत होती. "काय न्हाई गं. गुळाचा एवढा खडा." तिने बोटाच्या पेरावर तुरीच्या दाण्याएवढे माप दाखवले.

"मी सांगितलं होतं ना, काही घालायचं न्हाई?"

"चीनच्यात न्हाई घालायचं म्हणालीस. त्यात न्हाई घातलं. पर ह्या घरात सकाळी पैल्यांदा तोंडात कडू कसं द्यायचं? पाव्हण्याला आपुन नुस्तं पाणी देत न्हाई, गूळ-पाणी देतो. आन् पोटच्या पोरीला अनशापोटी कडू पाजू? तेवढ्यानं काय व्हतंय?"

तेवढ्याने सगळे झाले होते. गोड म्हणून ओळखू येण्याइतका तो खडा मोठा नव्हता, पण दोन पेल्यांचा कडूपणा तो बोथट करत होता आणि तिसऱ्याचा उघडा पडत होता. मी आठवडाभर नाकाने काहीच ओळखले नव्हते. माझ्या जिभेने बिनगुळाचा पेला ओळखला होता. गुळाच्या व्यापाऱ्याची मुलगी दुसरे काय ओळखणार? मी पान काढले आणि एक, दोन, तीन या आकड्यांवर रेघ ओढून प्रत्येकाशेजारी शून्य लिहिले. मी घाईने लिहीत गेले, म्हणून ती शून्ये बंद झालेली नाहीत. सगळी एका बाजूने उघडी राहिली आहेत. अव्वा लाटणे हातात धरून माझ्या मागे उभी होती.

"मी मुद्दाम केलं न्हाई, माय," ती म्हणाली.

"ठावं हाय मला."

"मंग आता?"

आता काय, ते मला स्पष्ट दिसत होते, आणि जे स्पष्ट दिसते तेच अधिक भिववते. परवाची गाडी. बेंगळुरूला पांढऱ्या पेल्यांची ओळ. मी वाकणार, वाफ गालांना लागणार, मॅडम वाट बघणार, आणि माझ्याजवळ एकच पाठ केलेला शब्द. कदाचित तो खपूनही गेला असता. त्यानंतर रोज, वर्षानुवर्षे, रिकाम्या हवेत वाकायचे आणि इतरांचे चेहरे वाचून शब्द उच्चारायचे. नाही तर भालकीत राहायचे आणि दूध चाटायचे. अकरा वाजता कार्यालय उघडले की मॅडमना फोन करून खरे सांगायचे, असे मी ठरवले. अजून तास-दीड तास होता. अव्वा म्हणाली, तोवर एकदा बघू, बिनगुळाचं. मला नको होते. पण नाही म्हणायला लागणारी शक्तीही उरली नव्हती.

या वेळी चाखायचे नाही, फक्त हुंगायचे असे ठरले. पेले अप्पांनी भरले, कारण अव्वा म्हणाली, तिचा आता स्वतःच्या हातावर भरवसा नाही. गमछा बांधला. पहिला पेला नाकाशी आला. ऊन हवा. दुसरा. ऊन हवा. तिसरा जवळ आला आणि मी दचकून उभीच राहिले. खुर्ची मागे पडली.

"शेगडी बंद कर, अव्वा! काहीतरी करपलंय!"

"शेगडी बंदच हाय गं."

"मग दुकानात बघा. रस लागलाय कशाला तरी!" गुऱ्हाळात काहिलीच्या, त्या रुंद कढईच्या, तळाला उसाचा रस धरून काळा पडतो, तसा उग्र, ओकारी आणणारा वास माझ्या नाकात शिरला होता. मी गमछा ओढून काढला. शेगडी खरोखर बंद होती. दारात ऊन पडले होते. अप्पा पेला हातात धरून माझ्याकडे बघत होते.

"कुठं करपलंय?" ते म्हणाले. "मला तर न्हाई येत."

"मलाबी न्हाई," अव्वा म्हणाली.

मी अप्पांच्या हातातल्या पेल्याकडे पाहिले. तळ बघायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग स्वतःच गमछा पुन्हा बांधला, पडलेली खुर्ची चाचपून उभी केली आणि म्हणाले, "पेले बदला. मला सांगू नका."

त्यांनी बदलले. ऊन हवा, करपलेला रस, ऊन हवा. पुन्हा बदलले. करपलेला रस पहिल्याच पेल्याला. प्रत्येक वेळी अप्पा हळू आवाजात म्हणत, "चीनचा," आणि अव्वा टाळी वाजवत नव्हती. मला माहीत होते हे काय आहे. मी ते वाचले होते. नव्याने उगवणाऱ्या पेशी आधी चुकीचे सांगतात, आणि भाजलेल्या पदार्थांचे वास तर सर्वांत आधी आणि सर्वांत विद्रूप करून सांगतात. कुणा कारागिराने तापल्या कढईत हात घालून जो सुगंध पानात उतरवला होता, नेमका तोच मला घाण म्हणून पोचत होता. काहींचे हे विकृत वास महिन्यांत सुधारतात. काहींचे तसेच राहतात. म्हणजे इथून पुढे मला भाकरी अशी लागू शकते, गूळ असा लागू शकतो, हुरडा असा लागू शकतो. मी रडत होते. अव्वाला वाटले आनंदाने. थोडे तेही होते.

अकराला फोन लावला. मॅडमनी मध्ये न बोलता सगळे ऐकले: ताप, गॅस, गुळाचा खडा, करपलेला रस.

"बाजारचा चहा करपलेला वाटला नाही?" त्यांनी विचारले.

"नाही. फक्त तुमचा."

"भाजणी वेगळी आहे, म्हणून. म्हणजे तुमचे नाक वेगळेपण पकडते आहे, नाव चुकीचे देते आहे. या वेळची जागा मी तुम्हाला देऊ शकत नाही, नीलांबिका. दुसऱ्या कुणाला घ्यावे लागेल. पण वसंतातला नवा खुडा उन्हाळ्यात माझ्याकडे येतो. तेव्हा आणखी एक जागा निघेल. तोवर जे येईल तेच लिहा. करपले आले तर करपले. पाठ केलेला हुरडा घेऊन माझ्याकडे येऊ नका."

मी हो म्हणाले. फोन ठेवला तेव्हा अप्पा तिकिटाचा कागद उलटसुलट करत होते आणि अव्वा शेंगदाण्याच्या पोळ्या डब्यातून काढून ताटात मांडत होती, त्या आता घरीच खायच्या म्हणून. मी पान पुढे ओढले. तळाशी एकच ओळ शिल्लक होती. अव्वा खांद्यावरून वाकून म्हणाली, "आता तरी धा लिही की गं." मी मान हलवली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. पाण्याचे तापमान शहात्तर अंश. कडूपणा आणि गोडवा, चाखले नाही. वास: एक.